मुखवट्याआडचा शोक : सुपरहिरोंच्या दुःखाचे काय होते?

सुपरहिरोंच्या कथांकडे आपल्याकडचे जाणते वाचक सहसा गांभीर्याने बघत नाहीत. अंगाला घट्ट बसणारा रंगीत पोशाख, तोंडावर मुखवटा, इमारतींवरून उड्या आणि शेवटी दुष्टाचा पराभव, एवढीच या साहित्याची ओळख आपल्या मनात असते. पोरांचा खेळ म्हणून आपण ते बाजूला सारतो. परंतु या कथा सावकाश वाचल्या, त्यांच्यावरचे चित्रपट लक्ष देऊन पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. यातल्या बहुतेक नायकांच्या घरात मय्यत झालेली आहे. बॅटमॅनचे आईवडील त्याच्या डोळ्यांदेखत मारले गेले. स्पायडरमॅनचा काका चोराच्या गोळीने गेला. सुपरमॅनचा तर जन्मग्रहच नष्ट झाला. नायकाची ताकद किती हे सांगण्याआधी त्याचे कोण गेले हे सांगावे लागते.

मग या दुःखाचे पुढे काय होते? ते नायकाच्या मनात कुठे जाऊन बसते? कथा त्याला रडायला वेळ देते की नाही? प्रस्तुत लेखात आम्ही एवढाच प्रश्न घेऊन या कथांकडे पाहणार आहोत. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या वर्गातली मुले या नायकांना हिंदी डबिंगमधून घरच्या माणसांसारखी ओळखतात. म्हणून हा प्रश्न आम्हांला केवळ करमणुकीचा वाटत नाही.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. काल्पनिक पात्राला रुग्ण समजून त्याच्या रोगाचे नाव ठरवणे हे समीक्षेचे काम नव्हे. बॅटमॅनला अमुक विकार आहे असे म्हटल्याने बॅटमॅनविषयी फारसे काही कळत नाही. कथा दुःखाला कसे वागवते, हे पाहिल्याने मात्र पुष्कळ कळते.

दोन पानांत उरकलेला मृत्यू

पहिला सुपरहिरो म्हणून ज्याचे नाव घेतात तो सुपरमॅन जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला. जेरी सीगल आणि जो शुस्टर हे त्याचे निर्माते अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरातले, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले तरुण होते. सीगलचे वडील जुन्या कपड्यांचे दुकान चालवत. १९३२ मध्ये त्या दुकानात चोरटे शिरले आणि त्या प्रसंगातच हृदयक्रिया बंद पडून त्यांचा मृत्यू झाला. कोणत्याही शस्त्राने ज्याला इजा होत नाही असा नायक या मुलाने का कल्पिला असावा, यावर पुढे अभ्यासकांनी बरीच चर्चा केली. सरळ कार्यकारण जोडणे धाडसाचे ठरेल. तरीही या प्रकाराच्या उगमापाशीच बापाला मुकलेला एक मुलगा उभा आहे, ही गोष्ट विसरता येत नाही.

बॉब केन आणि बिल फिंगर यांचा बॅटमॅन मे १९३९ मध्ये आला. त्याची पूर्वकथा त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अंकात जेमतेम दोन पानांत सांगितली गेली. सिनेमा पाहून घरी निघालेले वेन कुटुंब, वाटेत लुटारू, आईच्या गळ्यातला हार, गोळ्यांचे आवाज आणि रस्त्यात उभा राहिलेला पोरका ब्रूस. लगेच पुढच्या चित्रात तो मेणबत्तीच्या उजेडात शपथ घेतो आहे की आयुष्यभर गुन्हेगारांशी लढेन. त्यानंतर व्यायाम, विज्ञानाचा अभ्यास आणि वटवाघळाचा पोशाख.

वाचकांनी या दोन चित्रांच्या मधली मोकळी जागा पाहावी. तिथे दफन नाही, सांत्वनाला आलेले शेजारी नाहीत, रात्री दचकून उठणारे मूल नाही. मृत्यूनंतर थेट शपथ. शोक करायचा असतो त्या जागी प्रतिज्ञा आली आणि पुढची सगळी कथा या अदलाबदलीवर उभी राहिली. १९८६ मध्ये फ्रँक मिलरने ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ या मालिकेत पंचावन्न वर्षांचा, दहा वर्षे घरी बसलेला ब्रूस वेन रंगवला. टीव्हीवर जुना सिनेमा लागतो आणि त्या रात्रीचे सगळे पुन्हा त्याच्यासमोर उभे राहते. आईच्या हाराचे मोती एकेक करून तुटतात. इतकी वर्षे लोटली तरी जखमेवर खपली धरलेली नाही. मिलरने नवीन काही शोधले नाही. १९३९ च्या त्या मोकळ्या जागेत काय दडले होते, ते त्याने उघडे करून दाखवले.

स्पायडरमॅनची तऱ्हा निराळी आहे. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी ऑगस्ट १९६२ मध्ये रंगवलेला पीटर पार्कर पळणाऱ्या चोराला अडवत नाही. आपले काय जाते, असे त्याला वाटते. पुढे तोच चोर त्याच्या बेन काकाचा जीव घेतो. बॅटमॅनला दुःख झाले. पीटरच्या दुःखात अपराधाची भावना मिसळली. जून १९७३ च्या अंकात त्याची प्रेयसी ग्वेन पुलावरून फेकली गेली. त्याने तिला वाचवायला जाळे टाकले आणि त्या जाळ्याच्या हिसक्यानेच तिची मान मोडल्याचे पुढे स्पष्ट करण्यात आले. जो वाचवायला धावतो त्याच्याच हातून मरण! असा माणूस रात्री झोपेल कसा? पण पुढच्या महिन्याचा अंक यायचा असतो, आणि पीटरला पुन्हा उडी मारावी लागते.

हा साचा किती घट्ट आहे याचा एक पुरावा आपल्या मुंबईतच सापडतो. २००४ मध्ये ‘स्पायडरमॅन : इंडिया’ ही चार अंकांची मालिका निघाली. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला, न्यूयॉर्कची मुंबई झाली, पोशाखात धोतर आले, शक्ती कोळ्याच्या चाव्याऐवजी एका योग्याकडून मिळाली आणि खलनायकाचा राक्षस झाला. एवढे सारे बदलले, परंतु भीमकाकांचा मृत्यू मात्र जसाच्या तसा राहिला. पोशाख बदलता येतो, देश बदलता येतो, घरातली मय्यत तेवढी बदलता येत नाही, असेच जणू या प्रकाराने ठरवून टाकले होते.

जखम उघडी ठेवण्याचे कारण

असे का व्हावे? लेखक निर्दय होते म्हणून नव्हे. याचे कारण या कथांच्या छपाईत आणि विक्रीत आहे. कादंबरी संपते. दर महिन्याला निघणारे कॉमिक संपत नाही. ब्रूस वेनचे मन एकदा शांत झाले की तो मुखवटा काढून ठेवील आणि दुकान बंद होईल. म्हणून त्याची जखम भरू द्यायची नाही आणि त्याला मरूही द्यायचे नाही. मानसशास्त्राला जे बरे होणे वाटते, ते या धंद्याला नुकसान वाटते.

१९८८ मध्ये तर या व्यवहाराने कमाल केली. बॅटमॅनचा साथीदार जेसन टॉड हा मुलगा स्फोटात सापडतो; तो जगावा की मरावा, हे ठरवण्यासाठी वाचकांकडून दूरध्वनीवर मते मागवली गेली. मरावा असे म्हणणारी मते ५,३४३ आणि जगावा म्हणणारी ५,२७१. बहात्तर मतांनी एक मूल मारले गेले! आणि २००५ मध्ये तोच जेसन परत आला. सुपरमॅनचा मृत्यू १९९२ मध्ये मोठा गाजावाजा करून छापला गेला आणि १९९३ मध्ये तोही परतला. मेलेला माणूस परत येणारच असेल तर शोक कुणाचा करायचा? आणि शोक नसेल तर मरणाला अर्थ काय? या कथांत मृत्यू जागोजागी आहे, पण मरणाची पक्की खूण, म्हणजे गेलेला माणूस पुन्हा न दिसणे, तीच नाही.

मरणाऱ्यांत बायका किती, हाही विचार करण्यासारखा भाग आहे. १९९४ च्या ‘ग्रीन लँटर्न’च्या एका अंकात नायकाची प्रेयसी मारली जाते आणि तिचे प्रेत शीतकपाटात सापडते. लेखिका गेल सिमोन यांनी १९९९ मध्ये अशा बायकांची यादी केली. नायकाला राग यावा म्हणून मारल्या गेलेल्या, जायबंदी झालेल्या, शक्ती गमावलेल्या. त्या शीतकपाटावरूनच या प्रकाराला नाव पडले. बाईचे दुःख पुरुषाच्या कथेचे इंधन झाले. तिला स्वतःला काय सोसावे लागले, हे कुणी विचारले नाही.

मन दिसू लागले तेव्हा

जगाला मनाच्या जखमेचे नाव उशिराच सापडले. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांची अवस्था पाहून आणि त्यांच्या आग्रहामुळे अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये आघातोत्तर ताणविकाराला आपल्या निदान-पुस्तिकेत जागा दिली. ज्युडिथ हर्मन यांच्या १९९२ च्या ग्रंथाने सावरण्याचे तीन टप्पे मांडले. आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, आणि शेवटी माणसांशी पुन्हा नाते. २०२२ मध्ये त्याच पुस्तिकेत दीर्घकाळ न ओसरणारा शोकही आला. मोठ्यांच्या बाबतीत किमान बारा महिने आणि मुलांच्या बाबतीत सहा महिने उलटल्याशिवाय तसे निदान करू नये, अशी अट आहे. म्हणजे शास्त्रही म्हणते की आधी शोकाला त्याचा वेळ द्या.

हर्मनबाईंच्या तीन टप्प्यांशेजारी बॅटमॅनची ती दोन पाने ठेवून पाहावीत. मधला टप्पाच गाळलेला आहे.

कॉमिक्सनेही हळूहळू मनाकडे वळून पाहिले. १९७९ मध्ये आयर्न मॅन हा पोलादी चिलखतातला नायक दारूच्या आहारी गेलेला दाखवला गेला. त्या काळाच्या मानाने ते धाडसच होते. २०१३ च्या ‘आयर्न मॅन ३’ या चित्रपटात त्याच टोनी स्टार्कला न्यूयॉर्कच्या लढाईची आठवण निघाली की धाप लागते, छाती धडधडते, झोप येत नाही. चिलखत अंगावर असते आणि आतला माणूस घाबरलेला असतो. हे चित्र प्रामाणिक होते. परंतु चित्रपट उत्तरार्धात शिरतो, बॉम्ब फुटू लागतात, आणि ती धाप कुठे गेली ते कळत नाही.

पुढच्या काळात दुःख दाखवणे हा जवळजवळ रिवाजच झाला. मात्र दाखवणे वेगळे आणि मानणे वेगळे. आम्हांला यात दुःखाला बगल देण्याच्या तीन वाटा दिसतात.

पहिली वाट हसण्याची. २०१९ च्या ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’मध्ये थॉरने आई, बाप, भाऊ आणि अर्धी रयत गमावलेली आहे. पाच वर्षे तो घरात बसून बियर पितो, पोट सुटते, दाढीजटा वाढतात. खचलेल्या माणसाची ही सगळी लक्षणे आहेत आणि चित्रपट त्याच्या पोटावर विनोद करतो. प्रेक्षागृह हसते. एकाच जागी कथेला शहाणपण सुचते. तो भूतकाळात जाऊन आईला भेटतो, ती त्याला त्या अवस्थेतही ओळखते, आणि लायक हातांनाच उचलता येणारा तो हातोडा अजून त्याच्या हाकेला धावून येतो. खचलेला माणूस नालायक होत नाही, हे इथे पाच मिनिटांत उमगते. मग बाकीच्या तीन तासांतले हसणे कशासाठी?

दुसरी वाट दोषी ठरवण्याची. २०२१ च्या ‘वांडाव्हिजन’ या नऊ भागांच्या मालिकेत आईबाप, जुळा भाऊ आणि जोडीदार गमावलेली वांडा आपल्या शक्तीने एक आख्खे गाव आपल्या स्वप्नात कोंडते. त्यात तिचा संसार आहे, दोन मुले आहेत. गावकऱ्यांना मात्र तिची दुःस्वप्ने पडतात. दुःख कोंडले की ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अंगावर जाते, हे सत्य या मालिकेइतके स्पष्ट क्वचितच कुणी मांडले असेल. शेवटी वांडा मुलांना निरोप देते आणि गाव मोकळे करते. शोकाचे एक पाऊल पडले असे वाटते. पण पुढच्याच वर्षी आलेल्या ‘डॉक्टर स्ट्रेंज’च्या दुसऱ्या चित्रपटात तीच वांडा माणसे कापीत सुटलेली खलनायिका झाली. पुरुषाने शोक गिळला तर तो रक्षक होतो आणि बाईचा शोक बाहेर आला तर ती चेटकीण ठरते. हा हिशेब आम्हांला पटत नाही.

तिसरी वाट उपचारालाच बदनाम करण्याची. टॉम किंग हा लेखक कॉमिक्समध्ये येण्याआधी सीआयए या गुप्तहेर संस्थेत होता. युद्धाचे मनावर काय होते, याची जाण त्याच्या लेखनात दिसते. २०१८-१९ मधील ‘हीरोज इन क्रायसिस’ या नऊ अंकांच्या मालिकेत त्याने सुपरहिरोंसाठी ‘सँक्चुअरी’ नावाचे समुपदेशन-केंद्र कल्पिले. मोठमोठे वीर एकेकटे बसून आपले भय सांगतात, ती पाने हेलावून टाकणारी आहेत. परंतु त्या केंद्रातच हत्याकांड होते आणि ते घडते कुटुंबाला मुकलेल्या वॉली वेस्ट या नायकाच्या शक्तीच्या उद्रेकातून. लेखकाचा हेतू काहीही असो, वाचकाच्या मनात उरते ते इतकेच की जो मदत मागायला गेला तोच धोक्याचा निघाला. ज्या समाजात मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्याची पायरी लोक तोंड लपवून चढतात, तिथे असा शेवट फार महाग पडतो.

या दृष्टीने इजिप्तचे दिग्दर्शक मोहम्मद दियाब यांनी ज्यातले बहुतेक भाग दिग्दर्शित केले ती २०२२ ची ‘मून नाइट’ ही मालिका अधिक समंजस वाटते. धाकटा भाऊ गुहेत बुडून मरतो, आई त्याचा दोष मार्कवर ठेवून त्याला मारते, आणि मूल जगण्यासाठी आपल्याच मनात स्टीव्हन नावाचा दुसरा माणूस तयार करते. आपल्या मोहल्ल्यांत अशा माणसाला ‘असर झाला’ म्हणून आमिलाकडे नेतात. ही मालिका त्या दुसऱ्या माणसाला हाकलून देत नाही. मार्क शेवटी त्याचे आभार मानतो.

‘अब तू ही घर का बडा है’

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. दुःखाचे बळ करणे यात वाईट काय? अनाथ मुलाने बॅटमॅन पाहावा आणि आपणही उभे राहू शकतो असे त्याला वाटावे, हे चांगलेच नव्हे काय? खचलेल्याला धीर देणे हे कथेचे पुरातन काम आहे. आम्हीही ते मान्य करतो. काकाच्या मरणानंतर पीटर दुसऱ्यांचे काका वाचवतो, यात थोरवी आहे.

मात्र आम्हांला वर्गात जे दिसते तेही सांगितले पाहिजे. एखाद्या मुलाचा बाप जातो. चाळीस दिवसही होत नाहीत तोवर येणारा-जाणारा त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो, ‘अब तू ही घर का बडा है, रोना नहीं.’ बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. मुलगा मान हलवतो. शाळेत परत येतो तेव्हा शहाणा झालेला असतो. मस्ती करीत नाही, प्रश्न विचारीत नाही, सुट्टीत कोपऱ्यात बसतो, शाळा सुटली की कुठल्या तरी दुकानावर कामाला जातो. शिक्षकांच्या खोलीत त्याच्या समजूतदारपणाचे कौतुक होते. तो गप्प झाला आहे, हे मात्र कुणी बोलत नाही. मुलीच्या वाट्याला तर धाकट्या भावंडांचा सांभाळही येतो आणि तिचे कौतुकही होत नाही.

हीच बॅटमॅनची दोन पाने. मृत्यू, आणि लगेच शपथ. मुलाला मिळालेला मुखवटा कापडाचा नसतो, एवढाच फरक. म्हणून आम्ही म्हणतो की दुःखाचे बळ जरूर व्हावे, परंतु शोकाची जागा बळाला देऊ नये. बी.एड.च्या पुस्तकात बालमानसशास्त्राचा पेपर असतो. त्यात वाढीचे टप्पे पाठ करून घेतात. ज्याच्या घरी मय्यत झाली आहे त्या मुलाशी दुसऱ्या दिवशी काय बोलावे, हे मात्र आम्हांला वर्गातच शिकावे लागले.

नायक रडू शकतो

आपल्या जुन्या कथनपरंपरेला नायकाच्या शोकाचे वावडे नव्हते. उर्दूतली ‘दास्ताने अमीर हमजा’ ही अचाट पराक्रमांची कथा. जादूगार, देव, पऱ्या, तिलिस्म, काय नाही त्यात! परंतु मेहरनिगार मरण पावते तेव्हा हमजा सगळे सोडून तिच्या कबरीची राखण करीत उरलेले आयुष्य काढायचे ठरवतो. शत्रू त्याला तिथूनही पकडून नेतात, मित्र सोडवतात, आणि जुने आयुष्य त्याला पुन्हा ओढून घेते. दास्तानही न संपणारीच कथा होती. तरीही तिने आपल्या वीराला कबरीपाशी बसू दिले. यामुळे त्याच्या पराक्रमाला उणेपणा आला असे ऐकणाऱ्यांना वाटले नाही.

अलीकडच्या काळात हेच बळ ‘ब्लॅक पँथर : वकांडा फॉरएव्हर’ या २०२२ च्या चित्रपटात दिसते. नायकाची भूमिका करणारा चॅडविक बोझमन ऑगस्ट २०२० मध्ये वारला. दिग्दर्शक रायन कूगलर यांनी दुसरा नट न आणता नायकाचाच मृत्यू कथेत घेतला. इथे मेलेला परत येणार नाही, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. त्याची बहीण शुरी शास्त्रज्ञ आहे. भावाला वाचवू शकली नाही म्हणून ती प्रयोगशाळेत स्वतःला गाडून घेते. वर्ष सरल्यावर आई तिला सुतकाची वस्त्रे जाळायला नेते, ती नकार देते. मग आईही जाते. शुरीला शक्ती मिळते, पोशाख मिळतो, शत्रू पायाखाली येतो, आणि ती त्याला सोडून देते. चित्रपट युद्धाच्या विजयावर संपत नाही. समुद्रकाठी एकटी बसून शुरी अखेर ती वस्त्रे जाळते, भावाचा चेहरा आठवते आणि रडते. त्र्याऐंशी वर्षांपूर्वीच्या त्या दोन चित्रांमधली मोकळी जागा इथे भरलेली आम्हांला दिसली.

दुसरे उदाहरण आपल्या वाचकांना अधिक जवळचे वाटेल. कमला खान ही जर्सी सिटीत राहणारी पाकिस्तानी वंशाची मुसलमान मुलगी. संपादक सना अमानत, लेखिका जी. विलो विल्सन आणि चित्रकार ॲड्रियन अल्फोना यांच्या हातून तिची ‘मिस मार्व्हल’ ही स्वतंत्र मालिका २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्या घरी अब्बू आहेत, अम्मी आहे, दीनदार भाऊ आहे. सगळे जिवंत! सुपरहिरो होण्यासाठी तिला कुणाला मारावे लागले नाही. रात्री उशिरा घराबाहेर राहिल्याबद्दल ती बोलणी खाते, आणि तरीही जग वाचवते. तिच्या घरात दुःख नाही असे मात्र नाही. २०२२ च्या दूरचित्रवाणी मालिकेत ते दुःख तीन पिढ्या मागे, १९४७ च्या फाळणीत सापडते. आगगाडीच्या गर्दीत हरवलेली लहानगी सना, मारली गेलेली तिची आई आयेशा, पुढे सना आणि तिची लेक मुनीबा यांच्यात पडलेले अंतर, आणि त्या सगळ्याच्या शेवटी कमला. शर्मीन ओबैद-चिनॉय यांनी दिग्दर्शित केलेल्या भागांत कमला त्या स्थानकावर पोहोचते आणि चिमुकल्या सनाला तिच्या बापापर्यंत नेते. तिच्या शक्तीचा सर्वांत मोठा उपयोग ठोसा मारण्यात झालेला नाही. घरात न बोललेली गोष्ट नानी, आई आणि नात यांच्यात बोलली गेली, हा तो उपयोग. जिन्नांच्या कटकारस्थानाचा भाग कथेत उसना वाटतो, ही उणीव आम्ही नोंदवतो. तरीही या पडद्यावर फाळणीकडे एका कुटुंबाची जखम म्हणून पाहिले गेले, हे मोलाचे आहे.

उर्दू कथेने हे काम फार आधी केले होते. मंटोची ‘टोबा टेक सिंह’ ही कथा वेड्यांच्या इस्पितळात घडते. फाळणीनंतर दोन सरकारे वेड्यांचीही वाटणी करतात आणि बिशनसिंह दोन सीमांच्या मधल्या, कुणाच्याही मालकीच्या नसलेल्या जमिनीवर कोसळतो. मंटोचा माणूस उडत नाही, कुणाला वाचवीत नाही. त्याच्याकडे पाहिल्यावर मात्र शहाणे कोण आणि वेडे कोण, हा प्रश्न वाचकाला सोडीत नाही. सुपरहिरोंच्या कथा अजून त्या उंचीच्या जवळपास नाहीत. त्या वाटेला लागल्या आहेत, एवढेच म्हणता येईल.

वाट सरळ नाही, हेही खरे. मे २०२३ मध्ये कमला खानला मारण्यात आले, आणि तेही स्वतःच्या नव्हे तर स्पायडरमॅनच्या अंकात. दोन महिन्यांत तिला परत जिवंतही केले गेले. जिला मय्यतीची गरज पडली नव्हती तिलाच बाजाराने दुसऱ्याच्या दुःखाचे इंधन केले.

गंमत अशी की त्याच महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या आरंभी पडद्यावर स्पायडरमॅनचीच एक कथा या रिवाजाविरुद्ध उभी राहिली. ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटात अनेक जगांतल्या स्पायडरमॅनांना सांगितले जाते की तुमच्या प्रत्येकाच्या आयुष्यात जवळच्या माणसाचा मृत्यू लिहिलेलाच आहे, तो टाळला तर जग कोसळेल. माइल्स मोरालेस हा मुलगा त्या पवित्र प्रभाकरच्या शहरात जातो आणि जो मरायचा म्हणून ठरलेला आहे त्या पोलीस अधिकाऱ्याला वाचवतो. पुढे स्वतःच्या बापाची पाळी येते तेव्हा तो सगळ्यांना तोंडावर नकार देतो. कथेचा शेवट पुढच्या भागावर सोडलेला आहे. प्रश्न मात्र विचारून झाला. नायक घडण्यासाठी बाप मेलाच पाहिजे, हे कुणी ठरवले?

आमच्या मते या कथांची पारख करण्याची कसोटी सोपी आहे. नायकाच्या घरी मृत्यू झाला की कथा त्याच्या हातात आधी काय देते, ते पाहावे. हत्यार देत असेल तर ती कथा अजून १९३९ मध्येच आहे. रडायला खांदा आणि बसायला वेळ देत असेल तर ती माणसाची कथा झाली, मग तिच्यातला माणूस हवेत उडो की भिंतीवर चढो.

वाचकांतले जे शिक्षक आहेत, आईबाप आहेत, त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की मुलांना या चित्रपटांपासून दूर ठेवू नये. सोबत बसून पाहावेत आणि संपल्यावर विचारावे, ‘त्याचे वडील गेले तेव्हा त्याला कसे वाटले असेल रे?’ मूल नायकाविषयी बोलता बोलता कधी कधी स्वतःविषयी बोलू लागते. त्या वेळी त्याला घरातला बडा होण्याची आठवण करून देऊ नये. लहान राहू द्यावे.